शुगर उतरवून दाखवणारी केटोनची पाकिटं

टाइप २ मधुमेह असलेल्या, गोळ्यांना कंटाळलेल्या माणसाला नेमकं काय दाखवायचं, हे या विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. स्वतःला ‘मेटाबॉलिझम कोच’ म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने व्हिडिओ कॉलवर माझ्याच ग्लुकोमीटरवर मला प्रयोग करायला लावला. सकाळी उपाशीपोटी साखर मोजली, १३८. नमुन्याचं पाकीट पाण्यात ढवळून प्यायले. खारट-आंबट, घशाशी चरचरणारं. तासभर काही खायचं नाही असं बजावलं. पुन्हा बोट टोचलं, ११९. “मॅडम, मीटर तर तुमचंच आहे ना?” एवढंच तो म्हणाला, आणि त्याच कॉलवर माझ्या कार्डावरून तीन महिन्यांच्या पाकिटांचे पैसे गेले.

मीटर तसं काही खोटं बोललं नव्हतं. म्हणून तर हे लिहितेय. या धंद्यातली फसवणूक बहुतेक खऱ्या आकड्यांच्या जोरावर चालते.

पाकिटात होतं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट नावाचं केटोन, सगळे त्याला बीएचबी म्हणतात. बराच वेळ उपाशी राहिलं किंवा कर्बोदकं अगदी कमी खाल्ली की आपलं लिव्हर चरबीपासून हेच बनवतं आणि मेंदू, हृदय, स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. तयार बीएचबी प्यायलं की रक्तात केटोन वाढतात, लिव्हर तेवढ्यापुरतं ग्लुकोज कमी सोडतं आणि साखर थोडी उतरते. इथवर सगळं खरं आहे. पण काही तासांत ते केटोन वापरून संपतात आणि साखर पूर्वपदावर येते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही हे मूळ दुखणं जिथल्या तिथे. शिवाय घरगुती मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक १०० च्या पुढच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं. म्हणजे खरी साखर १३८ असली तरी मीटर ११७ ते १५९ यांतलं काहीही दाखवू शकतं! माझी १९ ची उतरण यातच मावते. कॉल चालू असताना हे कुणाला सुचतं?

पाकिटांबरोबर लघवी तपासायच्या पट्ट्या फुकट आल्या. पट्टी जांभळी झाली की फोटो पाठवायचा, समोरून लगेच उत्तर यायचं: “अभिनंदन! चरबी जळायला लागली.” ही पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट नावाचं केटोन ओळखते. प्यायलेल्या बीएचबीतलं काही शरीरात त्याच रूपात बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. थोडक्यात, विकत घेतलेलं पेयच पट्टी रंगवत होतं. वजनाच्या बाबतीत तर गंमत उलटीच आहे. रक्तात केटोन वाढले की चरबीच्या पेशी साठा सोडण्याचं प्रमाण कमी करतात, कारण केटोन बेसुमार वाढू नयेत यासाठी शरीराने हा लगाम ठेवला आहे. वर बीएचबीला स्वतःच्या कॅलरी आहेतच, ग्रॅममागे साखरेपेक्षा किंचित जास्त. चरबी जाळण्यासाठी घेतलेलं पेय तेवढ्या वेळापुरतं चरबीचं दारच लोटून घेतं.

मी पुरावे मागितले तेव्हा संशोधनाच्या लिंका धडाधड आल्या. त्या खऱ्याच होत्या, पण केटोन एस्टर या बीएचबीच्या वेगळ्या, जास्त जोरकस रूपावरच्या. एस्टर रक्तातले केटोन लिटरमागे ३ मिलिमोलच्या आसपास नेऊ शकतं, आणि ग्लुकोजचं पेय देण्याआधी ते घेतलं तर साखरेची चढण कमी राहते असं त्या प्रयोगांत दिसलं होतं. माझ्या पाकिटात होते केटोन सॉल्ट, म्हणजे सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमला जोडलेलं बीएचबी. त्याने केटोन साधारण १ मिलिमोलपर्यंत जातात. त्यातही नेमकं बीएचबी किती ग्रॅम, ते ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं गुपित मिश्रण) या नावाखाली झाकलेलं. एकाचे निकाल दाखवायचे आणि दुसरंच गळ्यात मारायचं, हा सरळसरळ लबाडीचा भाग.

सोडियमचा आकडा मात्र छापला होता: पाकिटामागे सुमारे एक ग्रॅम. दिवसाचं एकूण सोडियम दोन ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मला दोन पाकिटं सांगितली होती. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे का, हे कुणी विचारलंदेखील नाही. पोट तर पहिल्याच आठवड्यात बिघडलं. त्यावर उत्तर, “शरीर जुळवून घेतंय.”

पैशांचं थोडक्यात सांगते. ‘पैसे परत’ची हमी फक्त न फोडलेल्या खोक्याला लागू होती. शिवाय कार्डावर दरमहाची आपोआप वसुली चढवलेली. विक्रेत्याच्या मागे लागण्यात वेळ गेला, शेवटी ती बँकेकडूनच बंद करून घेतली. तुम्ही थेट बँकेपासूनच सुरुवात करा.

खरा धोका गोळ्यांचा होता. “साखर उतरतेय ना, मग संध्याकाळची मेटफॉर्मिन सोडा,” असा कोचचा मेसेज आला होता. पुढच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.४ वरून ७.९. डॉक्टरांनी तो मेसेज वाचला आणि माझी दुसरी गोळी कोणती, हे त्याने विचारलं होतं का, असं मला विचारलं. नव्हतं विचारलं. ती डापाग्लिफ्लोझिन आहे. या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्यांच्यावर असताना क्वचित शरीरात केटोन धोकादायक पातळीला जाऊन रक्त आम्लधर्मी होतं. मीटरवर साखर तेव्हा दोनशेच्या आतही असू शकते. अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ही पाकिटं डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यांपैकी काही सुरू झालं तर साखर बरी दिसतेय म्हणून घरी थांबू नये, दवाखाना गाठून रक्तातले केटोन तपासून घ्यावेत आणि पाकिटाबद्दल आपणहून सांगावं.

मेटफॉर्मिन मी पुन्हा सुरू केली. एचबीए१सीचा रिपोर्ट कोचला पाठवला, तर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.