भायखळा-परळ मतदारसंघाचा वॉक: पैसे वसूल, पण पत्रक सुधारा

गिरणगावातला वॉक म्हटलं की त्याच चिमण्या, तोच भोंगा आणि शेवटी मॉलसमोर उभं राहून हळहळ, हे आता पाठ झालंय. हा मात्र निघाला चक्क एका बंद पडलेल्या मतदारसंघावर! मुंबई शहर, भायखळा आणि परळ. इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने आलेला, १९३७ आणि १९४६ अशा दोनच निवडणुका बघितलेला, आणि मग सगळ्यांना मताचा हक्क मिळाल्यावर १९५२ ला नकाशाच नव्याने आखला गेला, विषय खल्लास. आंबेडकर १९३७ ला इथूनच मुंबई विधानसभेत गेले.

सुरुवात भायखळ्याला खड्या पारशाच्या पुतळ्याजवळ, तिथे दोन्हीकडून फ्लायओव्हर, त्यामुळे गाइड काय बोलतायत ते अर्धं डोक्यावरून गेलं. माइक आणा राव, एवढे पैसे घेताय.

पण लालबागला चहाच्या टपरीवर जे केलं ते एक नंबर. त्या वेळी इथे एकापेक्षा जास्त जागा होत्या, त्यातली एक दलितांसाठी राखीव, आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला, वर ती सगळी एकालाच टाकायची मुभा. हे तोंडी सांगितलं असतं तर डोक्यात शिरलं नसतं. गाइडनी पिशवीतून चिंचोके काढले, समजा तीन जागा म्हणून प्रत्येकाच्या हातावर तीन ठेवले आणि चहावाल्याच्या तीन बरण्यांची झाकणं उलटी मांडली. आम्ही १२ जण. आठ जणांनी आपापले चिंचोके तिन्ही झाकणांत एकेक टाकले, म्हणजे प्रत्येकात ८ झाले. उरलेल्या चौघांचा उमेदवार वेगळा होता, त्यासाठी चहावाल्याने बशी दिली आणि त्या चौघांनी आपले सगळे तिच्यातच ओतले, झाले १२. चौघांचा माणूस पहिला आला! आंबेडकर या पद्धतीसाठी का अडून बसले होते ते तिथे लख्ख कळलं, एका काकांनी तर हिशोब परत करून बघितला.

राखीव जागेसाठी समोर कोण होतं तर पळवणकर बाळू. तेच, डावखुरे स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात १०० च्या वर विकेट काढलेले, चांभार समाजातून आलेले आणि दलितांचे त्या काळचे हिरो. काँग्रेसने बरोब्बर माणूस निवडला होता. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५, म्हणजे चांगलीच चुरस. इथे गाइड थोडे घसरले, 'इतक्या हजार लोकांनी' म्हणत होते. अहो आत्ताच चिंचोके मोजले ना आपण, एकाच माणसाची तीन-तीन मतं धरली असतील तर तेवढी माणसं कुठून येणार?

परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत (आंबेडकरांच्या खोल्या ५० आणि ५१) उगाच जास्त वेळ घालवला असं काहींना वाटलं, मला नाही. तिथेच खोतीचा, म्हणजे कोकणात सारा गोळा करणाऱ्या मधल्या जमीनदारांच्या पद्धतीचा विषय निघाला. गिरणीत खपणारा रत्नागिरीचा माणूस, त्याची गावाकडची जमीन खोताच्या तावडीत. आणि निवडून आल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी विधेयक मांडलं ते खोती बंद करायचं. मत परळचं आणि प्रश्न कोकणचा, हे असं जोडून मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पुढे १९३८ ला संपांवर बंधनं घालणारं बिल आलं, त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप झाला, तेही कामगार मैदानाजवळ नीट सांगितलं. बिल पास झालंच, ते वेगळं.

जे राहिलं ते सांगतो. मत कुणाला होतं यावर दोन वाक्यं पण नाहीत. भाडं, कर, शिक्षण अशा अटी होत्या, त्यामुळे आपण ज्या चाळींचे फोटो काढत फिरलो तिथल्या कितीतरी जणांचं यादीत नावच नसणार. वॉकचं नाव मतदारसंघाचं आणि मतदारच गायब! शिवाय हातात दिलेलं पत्रक नुसतं इंग्रजीत, लालबागमध्ये, कमाल आहे. आणि ही विधानसभा भरायची कुठे तर रीगल सिनेमासमोरच्या जुन्या सेलर्स होममध्ये, आज तिथे पोलीस मुख्यालय आहे, हे शेवटी आम्ही विचारलं तेव्हा कळलं.

माणशी ५०० रुपये, चहा त्यातच. पाचपैकी चार. कॉलेजच्या मुलांना बिनधास्त पाठवा, गुडघेदुखीवाल्यांनी नको, परळ येईपर्यंत बसायला कुठे जागा नाही.