चेक इंजिनचा दिवा लागला आणि माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्याहून साताऱ्याला परत येत होते. सोबत सासूबाई आणि आठवीतली मुलगी. खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पाठोपाठ गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढायची सोडून थरथरायची. मागे ट्रकांची रांग, बाजूला घ्यायला जागा दिसेना. दुसऱ्या गिअरवर तशीच घाटमाथ्यापर्यंत आणली. उताराला लागल्यावर आचके थांबले, लुकलुकणंही थांबलं, पण दिवा पेटलेलाच राहिला.

"आता पुढं नको नेऊस, कुठंतरी दाखवून घे," सासूबाई म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या आणि मीही. सातारा पंधरा-वीस किलोमीटर राहिलं असताना महामार्गाकडेला एक गॅरेज दिसलं, तिथे गाडी आत घेतली. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

मेकॅनिकने स्टिअरिंगखाली हात घालून तिथल्या सॉकेटला गाडीने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. स्क्रीनवर काहीतरी आलं. मुलीने बाबांना पाठवायला म्हणून त्या स्क्रीनचा फोटो काढला. तिचे बाबा तेव्हा नोकरीच्या गावी होते. तो फोटो पुढे एवढा कामाला येईल असं त्या वेळी कुणाच्याच मनात नव्हतं.

"ताई, घाटात दिवा लुकलुकत हुता का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "मग कॅटॅलिटिक जळला बगा. तशीच पळवली असती तर गाडीनं पेट घेतला असता. पोरगी हाय संगं, म्हातारं माणूस हाय. मी तर न्हाई सोडणार अशी गाडी."

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. दिवा लुकलुकतो म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जातंय. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा डबा. ते पेट्रोल तिथे पेटतं आणि आतली जाळी तापून वितळू शकते. पण तसं झालंच असेल असं नाही, ते तपासूनच कळतं. घाटातल्या काही मिनिटांत माझा कन्व्हर्टर जळला हे त्याने कशावरून ठरवलं? हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

त्याने ४२,००० सांगितले, घासाघीस करून ३६,५०० वर आला. गाडी ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. दिवा बंद होता. पैसे एका माणसाच्या खासगी खात्यावर यूपीआयने भरले आणि वहीतल्या कागदावर लिहिलेली पावती घेतली. जुना भाग मागितला नाही. ती माझी मोठी चूक.

नऊ दिवस दिवा लागला नाही. पण गाडीचा आवाज बदलला होता, पोकळ, डब्यात घुमल्यासारखा. गाडी उभी करून मागून गेलं की नाकाला झोंबणारा वास यायचा. नवा भाग आहे, वास येत असेल, अशी मनाची समजूत घातली. दहाव्या दिवशी कासला जाताना यवतेश्वरच्या चढावर तेच आचके, तोच लुकलुकणारा दिवा.

या वेळी भावाने एमआयडीसीतल्या एका जुन्या फिटरकडे नेलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी स्कॅनर लावला, तर दोन कोड आले, पी ०३०२ आणि पी ०४२०. "पयल्यांदा काय आलं हुतं?" मामांनी विचारलं. मुलीने फोटो दाखवला. त्यात एकच कोड होता, पी ०३०२.

मामांनी तो फोटो दोनदा बघितला. मग त्यांनी जे समजावलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. ०४२० म्हणजे कन्व्हर्टर आपलं काम करत नाही. पहिल्या दिवशी कन्व्हर्टरबद्दल गाडीची तक्रारच नव्हती. ती आली 'नवा' बसवल्यावर.

त्यांनी दोन नंबरची इग्निशन कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, काढून तीन नंबरला बसवली, तीनची दोनला. गाडी चढावर फिरवून आणली. आता कोड आला पी ०३०३. म्हणजे बिघाड कॉईलसोबत सरकला, खराब होती ती कॉईलच. गरम झाली आणि चढावर जोर पडला की तिच्याकडून ठिणगी चुकायची. सपाटीवर गप्प असायची, म्हणून नऊ दिवस काही कळलं नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त कोड पुसला होता. नवी कॉईल आणि चार प्लग मिळून खर्च आला ३,४०० रुपये.

मग मामांनी कन्व्हर्टरचा मागचा सेन्सर खोलला आणि त्या भोकातून वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत घातला. मोबाईलवर चित्र दिसत होतं. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असायला हवी तिथे नुसता गुळगुळीत पत्रा. बाहेरून ताजं वेल्डिंग आणि वरून चंदेरी रंगाचा हात. मामांनी पान्याने त्यावर टकटक केलं, रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. माझ्या पोटात खड्डा पडला.

जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. म्हणून जुना कन्व्हर्टरसुद्धा विकत घेणारे लोक आहेत. माझा मूळ कन्व्हर्टर चांगला होता. तो काढून घेतला, रिकामा डबा बसवला आणि वर माझ्याचकडून ३६,५०० घेतले. भावाला घेऊन मी तिथे गेले. "जुना माल भंगारात गेला, कवाच," एवढंच उत्तर मिळालं. शिवाय रिकाम्या डब्यातून गाडी नऊ दिवस गावात धूर सोडत फिरली याचं मला फार वाईट वाटतं. कंपनीचा नवा कन्व्हर्टर बसवायला पुन्हा मोठा खर्च झाला.

गाडी चालवणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी आणि खरं तर सगळ्यांनीच हे ध्यानात ठेवा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही, दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर पाय हलका करा, जोर देऊ नका, सुरक्षित जागा मिळाली की थांबवा. तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. घाबरलेल्या अवस्थेत रस्त्यावरच्या पहिल्याच गॅरेजला मोठ्या कामाचा होकार देऊ नका.

आणि कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढाच. कोडसोबत दोष नोंदला गेला तेव्हाचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान हेही गाडीत साठलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. कोड ऐकून कुणी थेट भाग बदलायला निघालं, तर "कशावरून हाच भाग?" असं विचारा. कोड दुखणं कुठे आहे ते सांगतो, कुठला भाग गेला ते तपासूनच कळतं. मामांनी कॉईलची अदलाबदल करून मला ते डोळ्यांदेखत दाखवलं. काढलेला भाग तुमचा आहे, तो डिकीत ठेवायला सांगा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर भागाचा नंबर लिहून घ्या. मी आता हजारेक रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन गाडीतच ठेवला आहे, मोबाईलवर कोड स्वतः वाचते.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथून काही निघालं नाही, तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. अर्जाला यूपीआयची नोंद, कागदावरची पावती, मामांनी लिहून दिलेला तपासणीचा कागद आणि कॅमेऱ्यात दिसलेल्या रिकाम्या पत्र्याची छायाचित्रं जोडली आहेत. सगळ्यात वर मुलीने काढलेला तो फोटो लावला आहे, तारीख-वेळेसकट, ज्यात एकच कोड दिसतो. पुढची तारीख मिळाली आहे.