फोन थांबून घ्या, लॅपटॉप आत्ताच

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, ठाण्यात बहिणीच्या घरी दोन खरेद्या निघाल्या. तिला आयफोन हवा होता आणि भाचीला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप. दोघींचा प्रश्न एकच: नवीन मॉडेल येतंय म्हणतात, थांबू का? बहिणीला मी थांब म्हणालो, भाचीला लगेच घे म्हणालो. तुमच्याही घरी हाच घोळ चालू असेल, तर त्यामागचा हिशोब सांगतो.

आयफोनची तारीख ॲपल स्वतः धरून ठेवतं. २०१२ ते २०२५ दरवर्षी मुख्य मॉडेल सप्टेंबरातच जाहीर झालं. फक्त २०२० मध्ये कोरोनामुळे ते ऑक्टोबरवर गेलं. कारण सरळ आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर ही ॲपलची सर्वांत मोठी तिमाही, नाताळची खरेदी तेव्हाच होते. त्या दिवसांत माल दुकानात हवा म्हणून चिप, कॅमेरा, जुळणी सगळं मागे मोजत आखलं जातं. नवा फोन आला की जुन्याची अधिकृत किंमत उतरते: २०२३ मध्ये आयफोन १४, २०२४ मध्ये आयफोन १५, दोन्ही ७९,९०० वरून ६९,९०० वर. बहिणीला आयफोन १६ च पुरणार होता. ती थांबली, आणि सप्टेंबरात त्याचीही किंमत ६९,९०० झाली. हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. काही वर्षांपूर्वी ऑगस्टअखेर फोन घेतला आणि बाराव्या दिवशी भाव पडला. दुकानदाराला सगळं माहीत होतं, पण तो एक शब्द बोलला नव्हता.

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस या फोनमालिकेला मात्र हे लावू नका. ती जानेवारी-फेब्रुवारीत येते, म्हणजे ऑगस्टपर्यंत तिच्यावर बऱ्याच सवलती लागलेल्या असतात. तिच्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत ताटकळण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपची गोष्टच वेगळी. विंडोज लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या हातात तारीख पुरती नसते. इंटेल, एएमडी अशा दुसऱ्या कंपन्यांची चिप तयार झाल्यावरच तिचं काम हलतं. जानेवारीत लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात घोषणा होतात, मग एकेक मॉडेल पुढचे कित्येक महिने येत राहतं. भाव एकदम पडेल असा ठरलेला दिवसच नाही. चिप स्वतः आखणाऱ्या ॲपललाही इथे सप्टेंबरसारखी शिस्त जमलेली नाही. मॅकबुकमधली एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये आली, एम२ जून २०२२ मध्ये, एम३ ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि एम४ मे २०२४ मध्ये, तीही आधी आयपॅडमध्ये. अंतर मोजा: १९ महिने, १६ महिने, ७ महिने. यावर पोरीचं पहिलं सेमिस्टर टांगून ठेवायचं का? कॉलेज सुरू होतानाच्या विद्यार्थी सवलती हातात असताना मी तरी ठेवणार नाही.

दुकानात एक गोष्ट न लाजता करा. गोखले रोडवर आम्ही लॅपटॉपचा खोका उलटा करून मागचं लेबल वाचलं. उत्पादनाचा महिना आणि वर्ष त्यावर छापलेलं असतं. पहिला खोका चौदा महिने जुना निघाला. बॅटरी पडून राहिली तरी झिजते, म्हणून दुसरा मागितला. आतून तीन महिन्यांपूर्वीचा आला, त्याच भावात.

आणि अगदी नवं मॉडेलच हवं असेल तर पहिल्या दिवशी रांग लावू नका. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ विक्रीला आला. त्याच्या बॅटऱ्या पेटू लागल्या, आणि ऑक्टोबरात त्याचं उत्पादनच बंद करावं लागलं. महिनाभर इतरांचे अनुभव वाचा, मग घ्या.

थांबण्याचा सल्ला हातातला फोन चालतोय तोवरच. बहिणीचा फोन दुपारपर्यंतच टिकायचा, तिने पॉवर बँकवर सप्टेंबर गाठला. तो बंदच पडला असता, तर बँकेचे ओटीपी आणि यूपीआय अडकवून दहा हजार वाचवायला मीच तिला सांगितलं नसतं.