हाताचा ठसा बघून टॉपर घेतला आणि आईची कंबर धरली

यंदा सुगी आटोपली आणि आईनं पहिल्यांदा दुखण्याचं नाव काढलं. येळ्ळूरच्या शिवारात 40 वर्षं वाकून भात लावलेली बाई, अंग मोडून आलं तरी बोलायची नाही. ती म्हणाली, "बाळा, एका कुशीवर निजलं की खांदा बधिर होतोय बघ." तिची कापसाची गादी पिंजून 12 वर्षं झालेली, आत गाठी झालेल्या. त्यावर मऊ टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा फोमचा थर, टाकू म्हणून मी बेळगावला गेलो.

एका मंगल कार्यालयात चार दिवसांचा सेल लागला होता. विकणाऱ्यानं मेमरी फोमवर पंजा दाबून उचलला. ठसा हळूहळू भरून आला. "नोड्री सर, अंगाला असं धरून घेतंय. 50 डेन्सिटी आहे." 6 बाय 3 फुटांचा, 3 इंची, 7,500 रुपये. रोख दिले तर 7,000. मीही दाबून बघितलं, लोण्यासारखं लागलं, पैसे दिले. हातात पडली एक चिठ्ठी. त्यावर रक्कम, मोबाइल नंबर आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. हे मी घरी आल्यावर वाचलं.

आठ दिवस आई खूश होती. तिसऱ्या आठवड्यात खांदा होता तसाच, वर कंबरही धरली. सकाळी भिंतीला धरून उठायला लागली. एका रात्री मी स्वतः त्यावर निजलो. उताणं असताना ठीक, पण कुशीवर वळलो की खांदा आणि खुबा थेट खालच्या गादीच्या गाठींना टेकत होता.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. कास्टिंगचं माप आणि वजन जुळलं नाही की आत पोकळी असणार, हे आमचं रोजचं काम. तेच इथं केलं. 50 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 50 किलो. 72 बाय 36 बाय 3 इंच म्हणजे 0.127 घनमीटर. वजन सव्वासहा किलोच्या वर भरायला हवं. शेजारच्या काकांकडं भाताची पोती जोखायचा काटा आहे, त्यावर ठेवला. 2 किलो 900 ग्रॅम, तेही कव्हरसकट! कव्हरला चेन नव्हती, चारी बाजूंनी शिलाई. उसवली तर वर जेमतेम अर्धा इंच मेमरी फोम, खाली अडीच इंच हलका पिवळट स्पंज. पंज्याचा ठसा उमटायला तो अर्धा इंच पुरतो. माणसाच्या खांद्याचा भार पडला की स्पंज चेपून जातो, आणि रोज चेपून पुन्हा फुगतही नाही.

मोबाइल बंद. कार्यालयात गेलो तर लग्नाचा मांडव पडलेला. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, पण तक्रार करायची कुणावर? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेणं नाकारणंही त्यातच येतं. तो शिक्का दाखवून कुणी गप्प बसवत असेल तर बसू नका. पण नावगाव असलेलं पक्कं बिल हातात हवं. मी 500 रुपयांसाठी ते सोडलं, याची रुखरुख अजून आहे.

गावात आता सगळे सांगतात, "कशाला ते मऊबिऊ, भुईवर निज." तेही खरं नाही. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 जणांवर झालेला अभ्यास 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर निजणाऱ्यांना जास्त आराम पडला. आईसारखं कुशीवर निजणाऱ्याला खांदा थोडा आत रुतेल इतका मऊपणा लागतोच. पालथं निजणाऱ्याला तोच मऊपणा बाधतो, पोट खाली जातं आणि कमरेला बाक पडतो. अंगानं भारी माणसाला तर भरीव फोमच हवा. आणि डेन्सिटी म्हणजे मऊपणा नव्हे. 50 डेन्सिटीचा फोम मऊही असतो, कडकही असतो. डेन्सिटीवरून तो किती दिवस टिकेल ते कळतं, मऊ की कडक ते निजूनच कळतं. मेमरी फोम थंडीत घट्ट होतो, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे तो दुपारच्या दुकानातल्यासारखा लागत नाही.

महिन्याभरानं शहरातल्या एका कायमच्या दुकानात गेलो, या वेळी आईला घेऊन. आधी जुनी गादी पिंजून घेतली होती, कारण खाली गाठी आणि खड्डे असले तर वरचा टॉपरही त्यातच बसतो. दुकानदाराला म्हटलं, चेन उघडून दाखवा आणि काट्यावर ठेवा. त्यानं कुरकुर न करता ठेवला. 6 किलो 700 ग्रॅम. आई चप्पल काढून डाव्या कुशीवर पडली. पंधरा मिनिटं मी तिला उठू दिलं नाही. "खांदा?" विचारलं. "न्हाई रे, आता काय बी लागत न्हाई," म्हणाली. मग बिल करायला सांगितलं.