‘लस पूर्ण’ म्हणून विकलेल्या तलंगांनी पाय सोडले: आमचे १५,६०० रुपये बुडाले, तुमचे वाचवा

‘दहा आठवड्यांच्या कावेरी तलंगा, सगळ्या लसी पूर्ण, कार्डासकट.’ या जाहिरातीवर आमचे १५,६०० रुपये गेले. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, कावेरी ही त्यांची जात. ४० तलंगा, ३२० रुपये नग, म्हणजे १२,८००. ‘लसीचे वेगळे’ म्हणून नगामागे १५, ते ६००. टेम्पोचे ९००. आणि पाय लुळे पडून पक्षी बसायला लागल्यावर त्याच माणसाने गळ्यात मारलेलं ‘नसांचं औषध’, ६५० ची एक अशा दोन बाटल्या.

काल दाण्यावर तुटून पडणारी तलंग सकाळी उठत नाही. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे गेलेला, बोटं आत वळलेली, तोल सावरायला एक पंख जमिनीवर टेकलेला. डोळे मात्र तरतरीत, आणि दाणा तोंडाशी नेला तर खाते. खाते म्हणून माणूस आशा धरतो आणि बाटलीवाल्याचं फावतं. ४० पैकी ११ अशा बसल्या. हा मॅरेक्स रोग. विषाणू नसांत शिरतो, मांडीतली जाड नस सुजते. त्यावर औषध नाही. पशुवैद्यकाने मेलेली तलंग फाडली तेव्हा एका बाजूची नस दुसरीच्या दुपटीने जाड आणि पिवळट दिसत होती.

आता ते कार्ड. पाचव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात थेंब. चौदाव्या दिवशी गम्बोरो रोगाची, पाण्यातून. सहाव्या आठवड्यात देवी, पंखाच्या पडद्यात. सगळं बरोबर. आणि सर्वांत वर, ‘पहिला दिवस, मॅरेक्स, पाण्यातून’. चोरी तिथेच उघडी पडली होती! मॅरेक्सची लस पाण्यातून देतच नाहीत. ती अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, मानेच्या कातडीखाली ०.२ मिली टोचतात, आणि बाटली कालवली की तासाभरात संपवावी लागते. गम्बोरो पाण्यातून जाते, लासोटाचा पुढचा डोसही जातो, त्यामुळे त्या रांगेत ही ओळ कोणाच्याही नजरेतून निसटेल. विकणाऱ्याने नेमका त्याचाच फायदा घेतला. शिवाय सगळ्या नोंदी एकाच पेनाच्या, एका दमात लिहिलेल्या, लसीचा बॅच नंबर एकाही ओळीत नाही. असं कार्ड हातात आलं तर टेम्पो तिथूनच परत पाठवा.

जाब विचारला तर म्हणाला, ‘लस शंभर टक्के नसतेच.’ अर्धसत्य सर्वांत घातक असतं. लस घेतलेल्या कळपातही एखादी तलंग बसू शकते, हे खरं. पण वेळेवर, नीट टोचलेल्या कळपात दहातल्या नऊ तरी वाचतात. चाळीसमागे अकरा बसतात तेव्हा दोष लसीचा नसतो.

त्या ‘नसांच्या औषधा’च्या बाटलीत जीवनसत्त्वांचं गोड पाणी. जीवनसत्त्वं वाईट नाहीत. बी-२ कमी पडलं की पिल्लांची बोटं आत मुडपतात, पण ते पहिल्या काही आठवड्यांत, दोन्ही पायांना, आणि वेळीच दिलं तर पिल्लू सुधारतं. मान पिरगळून हिरवी हगवण असेल तर मानमोडीचा संशय घ्या. मान दोरीसारखी लुळी पडली असेल तर आसपास मेलेलं, अळ्या पडलेलं काही खाल्लंय का ते शोधा. तळव्याला गाठ आहे का, पाय बांधून आणताना दुखावलाय का, हे आधी हाताने चाचपा. एक पाय पुढे, एक मागे हे मॅरेक्सचं ठळक लक्षण.

बसलेली तलंग लगेच वेगळी करा, नाहीतर बाकीच्या तिला तुडवतात. खाली पेंढ्याची जाड गादी, दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं गोणपाट, उथळ भांड्यात पाणी चोचीजवळ, ओलं खाद्य. दर काही तासांनी कूस बदला, नाहीतर छातीला जखम होते. मागची बाजू धुऊन कोरडी ठेवा. आठवड्यात सुधारणा नसेल किंवा खाणं सुटलं तर हाल करू नका, पशुवैद्यकाकडून शांतपणे संपवा. बाजारात मात्र नेऊ नका, दुसऱ्याच्या खुराड्यात रोग जाईल. माणसाला तो होत नाही.

आता तक्रारीचं. दवाखान्यात साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला ‘मेलेला पक्षी आणा’, नेला तर ‘लेखी देता येणार नाही’. पोलीस चौकीत आधी हसले, मग ‘हा दिवाणी मामला’ म्हणून अर्जच घेतला नाही. खोटं कार्ड दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम फसवणुकीचंच आहे ना? चाळीस मोबाइल चोरीला गेले असते तर हसले असते का? अर्ज घेऊन पोच द्यायला काय लागतं? ज्याचं पोट चार कोंबड्यांवर आहे त्याने एका शिक्क्यासाठी कितीदा मजुरी बुडवायची?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान नोंद तरी झाली. ग्राहक आयोगाच्या ई-जागृती संकेतस्थळावर दावा टाका, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ‘धंद्यासाठी घेतल्या’ म्हणून अडवतील, तेव्हा उपजीविकेचा स्वयंरोजगार आहे हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. पावतीवर ‘मॅरेक्स लस, हॅचरी, बॅच’ लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रोख तर नाहीच. मेलेला पक्षी बर्फावर ठेवून त्याच दिवशी तपासणीला न्या. डीप फ्रीजरमध्ये घालू नका, गोठला की तपासणीला बिनकामाचा.

विषाणू पिसांच्या कोंड्यात महिनोन्‌महिने टिकतो. जुनं तूस उचलून जाळा, शेड धुऊन चुना मारा. नवी टोचलेली पिल्लं आणली तरी पहिले काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या चपलांनी आणि वेगळ्या भांड्यांनी सांभाळा. लस अंगी लागायला एक-दोन आठवडे जातात.