खुला जनुकीय डेटा आणि चयापचयाचे आजार: सुरुवात कुठून करावी?

मधुमेह, लठ्ठपणा, फॅटी लिव्हर अशा आजारांवर औषध शोधायचंय. प्रयोगशाळा नाही, पण संगणक आहे आणि खुला डेटा आहे. अशा वेळी दोन वाटा दिसतात. एक, माणसामाणसांतल्या डीएनएच्या फरकांची: जीवॅस कॅटलॉग (आजारांशी जोडलेल्या डीएनए-फरकांची यादी), ओपन टार्गेट्स (औषधानं कोणत्या जनुकावर किंवा प्रथिनावर नेम धरावा हे शोधण्याचा मंच). दुसरी, पेशींत कोणती जनुकं किती जोमानं चालू आहेत याची: जीईओ (अशा मोजमापांचा खुला साठा), कनेक्टिव्हिटी मॅप (निरनिराळे रेणू दिल्यावर पेशींतली जनुकं कशी बदलतात याचा संग्रह). पहिली सांगते की नेमकं कुठे हात घालावा, दुसरी सांगते की कोणता रेणू वापरून पाहावा. हा फरक लक्षात न घेता काम सुरू केलं की महिने वाया जातात.

माझा कौल आधी पहिल्या वाटेला आहे. जन्मजात डीएनए आजारामुळे बदलत नाही, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गल्लत कमी होते. पीसीएसके९ जनुकाचंच बघा. २००३ मध्ये काही फ्रेंच कुटुंबांत या जनुकातल्या बदलांमुळे कोलेस्टेरॉल फार वाढलेलं आढळलं. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात उलटी बाजू समोर आली: ज्या कृष्णवर्णीय लोकांत याची एक प्रत निकामी होती, त्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. या जनुकापासून बनणारं प्रथिन अडवलं तर काय होईल, याचं उत्तर या माणसांच्या शरीरातच लिहिलेलं होतं. २०१५ मध्ये ते अडवणारी दोन औषधं मंजूर झाली.

एसएलसी३०ए८ ची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. हे जनुक काढून टाकल्यावर काही प्रयोगांत उंदरांचं ग्लुकोज नियंत्रण बिघडलं होतं. २०१४ मध्ये सुमारे दीड लाख माणसांच्या अभ्यासात मात्र एक प्रत निकामी असलेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका ६५ टक्क्यांनी कमी निघाला. केवळ उंदरांवर भिस्त ठेवली असती तर औषधाची दिशाच चुकली असती.

या वाटेवरही खड्डे आहेत. एफटीओ जनुकातला फरक लठ्ठपणाशी जोडलेला असल्याचं २००७ मध्ये कळलं आणि सगळे एफटीओच्या मागे लागले. २०१५ मध्ये दिसलं की तो फरक बराच दूर असलेल्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर परिणाम करतो. सर्वांत जवळचं जनुक तेच दोषी, असं धरून चालू नका. शिवाय या डेटात युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार आहे.

दुसऱ्या वाटेचं आकर्षण उघड आहे: हातात थेट औषधाचं नाव येतं. आजारात जनुकांचा जो नमुना दिसतो, तो रेणूंच्या नमुन्यांशी जुळवून पाहायचा. कनेक्टिव्हिटी मॅप २००६ चा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत. पण त्यात प्रत्यक्ष मोजली जातात ९७८ जनुकं, बाकीची अंदाजानं काढतात. पेशीही बहुतांश कर्करोगाच्या. चरबीच्या किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा प्रश्न तिथे विचारणं अवघडच. रुग्णाच्या उतीत दिसणारा बदल आजाराचं कारण आहे, परिणाम आहे की चालू असलेल्या औषधाचा ठसा, हेही त्यातून कळत नाही.

तरी ही वाट फळते. २०१५ मध्ये सेलास्ट्रॉल हा रेणू याच पद्धतीनं सापडला आणि लठ्ठ उंदरांचं वजन ४५ टक्क्यांपर्यंत घटलं. लेप्टिन (भूक आवरणारं संप्रेरक) नसलेल्या उंदरांवर तसा परिणाम झाला नाही, म्हणजे तो कोणत्या मार्गानं काम करतो तेही उमगलं. त्या संशोधकांनी प्रश्न नेमका ठरवला होता: पेशीतला ताण कमी झाल्यावर यकृतात दिसणाऱ्या नमुन्याशी जुळणारा रेणू कोणता? नुसतं ‘आजाराच्या उलट नमुना’ शोधणाऱ्यांना बहुधा लांबलचक यादी मिळते, इतकंच.

आजार एकाच जनुकाच्या बिघाडामुळे होणारा, दुर्मिळ असेल तर दोन्ही वाटा बाजूला ठेवून आधी क्लिनव्हार (कोणता जनुकीय बदल आजाराला कारण ठरतो याच्या नोंदी) आणि नोमॅड (कोणता बदल लोकांत किती आढळतो याच्या नोंदी) उघडा. इतर आजारांत मात्र दुसऱ्या वाटेनं आलेलं प्रत्येक नाव पहिल्या वाटेवर तपासा: ते औषध ज्या प्रथिनावर काम करतं, त्याच्या जनुकात फरक असलेल्या माणसांत हाच आजार कमी दिसतो की जास्त? उत्तर औषधाच्या परिणामाच्या विरुद्ध येत असेल, तर जुळणीचा गुणांक कितीही चांगला असो, ते नाव यादीतून काढून टाका.