पेन्शन विकायची की अख्खी ठेवायची?

निवृत्तीला सहा-आठ महिने उरले की आस्थापना विभागाकडून कागदांचा गठ्ठा हातात पडतो. त्यातल्या अंशराशीकरणाच्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याच्या, अर्जावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय दाखले, नामनिर्देशन यांच्यामागे धावताना "चाळीस टक्के टाकून द्या" एवढ्यावर सही होऊन जाते. राज्यातल्या विद्यापीठ-महाविद्यालयांत जुनी पेन्शन लागू असलेल्यांसाठीच हे लिहितोय. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांचा हिशेब वेगळा.

मूळ पेन्शन 40,000 धरू. शिक्षकेतर कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे पुढच्या वाढदिवसाचं वय 59 आणि त्या वयाला ठरलेला गुणक 8.371. कमाल मर्यादेइतकी, 40 टक्के विकली तर 16,000 गुणिले 12 गुणिले 8.371, म्हणजे 16,07,232 रुपये एकरकमी हातात. त्यापुढे पंधरा वर्षं मूळ पेन्शन 24,000. महागाई भत्ता मात्र पूर्ण 40,000 वरच मिळतो आणि कुटुंब निवृत्तिवेतनालाही धक्का लागत नाही. या दोन गोष्टींबद्दल उगाच भीती असते, ती सोडून द्या.

चहाच्या टपरीवर ऐकू येतं ते असं, की "आठ वर्षांत फिटतं". मुद्दल फिटतं, हे खरं. 16,07,232 भागिले 16,000 केलं की शंभर हप्ते होतात. पण कपात 180 हप्ते चालते आणि एकूण 28,80,000 कापले जातात. वरचे 12,72,768 हे व्याजच. दर काढला तर वर्षाला साधारण 8.7 टक्के पडतो. प्राध्यापक साठीला निवृत्त होतात, त्यांचा गुणक 8.194, म्हणून त्यांना तो 9 च्या आसपास जातो. ही रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर सध्या 8.2 टक्के मिळतात. म्हणजे 8.7 नं उचलायचे आणि 8.2 नं ठेवायचे. त्यातही योजनेचा दर पाच वर्षांपुरता पक्का, कपात पंधरा वर्षं.

पूर्वी कराचा मुद्दा विक्रीच्या बाजूनं जोरात होता, कारण पेन्शन करपात्र आणि विकलेल्या रकमेला सवलत. आता नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर बसत नाही, त्यामुळे लिपिक, सहायक, तंत्रज्ञ यांच्यासाठी तो बराचसा संपला. वरच्या टप्प्यातल्या प्राध्यापकांनी मात्र आकडेमोड करून बघावी, त्यांच्याकडे अजून थोडा जीव आहे त्या मुद्द्यात.

विकण्याच्या बाजूनं खरोखर भक्कम गोष्ट एकच, आणि ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली कपात तिथंच थांबते, वारसांकडून काही वसूल होत नाही. प्रकृती नाजूक असेल किंवा नऊ टक्क्यांच्या वरचं कर्ज डोक्यावर असेल, तर चाळीस टक्के विकणाऱ्याला मी अडवणार नाही. पण "नाशिकला सिंहस्थ येतोय, तिथं आडगावला प्लॉट घेऊन टाकू, भाव चढतील" एवढ्यासाठी विकणं मला पटत नाही. प्लॉट दर महिन्याच्या एक तारखेला काही देत नाही.

माझा काटा मात्र व्याजानं झुकला नाही. तो झुकला पुनःस्थापनेच्या कटकटीनं. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पंधरा वर्षं कधीपासून, इथं घोळ होतो. निवृत्तीनंतर चार-पाच महिन्यांनी रक्कम मिळाली, तर मोजणी निवृत्तीच्या तारखेपासून होत नाही, कपात सुरू झाल्यापासून होते. लोक निवृत्तीची तारीख धरून जातात आणि हात हलवत परत येतात. उलटही होतं. मुदत भरून जाते, पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे कपात सुरू झाल्याची नोंद सापडत नाही आणि कपात चालूच राहते. तेव्हा माणूस 73 वर्षांचा असतो. पुरावा म्हणजे पासबुकातली एक ओळ. ते पासबुक भरल्यावर रद्दीत गेलेलं, किंवा बँकच बदललेली. 2019 मध्ये देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली, तसं झालं की खाते क्रमांकापासून सगळं नव्यानं जुळवत बसावं लागतं. हे बहुधा बायको किंवा मुलगा करणार, आणि त्यांना पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) पिशवी कुठे ठेवलीय तेही ठाऊक नसतं.

म्हणून मी चाळीस टाकले नाहीत. घराच्या कर्जाचं जेवढं उरलं होतं, तेवढ्यापुरतेच 15 टक्के विकले. चाळीस ही कमाल मर्यादा आहे, तेवढे विकलेच पाहिजेत असं नाही. सगळ्यांना हे जमेल असं म्हणत नाही, पण वाचणाऱ्यानं निदान हा मधला आकडा मांडून पाहावा.

घाई तर नकोच. निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. जन्म 12 ऑगस्टचा असेल तर निवृत्ती 31 ऑगस्टला, आणि गुणक उतरणार तो पुढच्या 12 ऑगस्टला, 8.371 वरून 8.287 वर. 16,000 च्या विक्रीवर हा फरक 16,128 रुपयांचा. म्हणजे जवळजवळ अकरा महिने काही न गमावता थांबता येतं. तेवढ्यात उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधी हातात आला की खरी गरज किती ते कळतं. शाळेत घालताना लावलेली 1 जून ही जन्मतारीख असलेल्यांची निवृत्ती 31 मेला. त्यांना पुढच्या 31 मेपर्यंत पूर्ण वर्ष मिळतं, फक्त अर्जावर कार्यालयाचा आवक शिक्का त्याच्या आत पडलेला हवा.

अर्जातला टक्केवारीचा रकाना अंकी आणि अक्षरी दोन्ही भरा. कोरा सोडलात तर पुढच्या टेबलावर सवयीनं 40 पडतात. मंजुरी आदेश आणि रक्कम जमा झाल्याचं पासबुकाचं पान यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, आणि त्यातल्या एकीवर कपात सुरू झाल्याची तारीख लाल शाईनं लिहून ती हयातीच्या दाखल्याच्या फाइलीत लावा. ती फाइल दर नोव्हेंबरला उघडली जातेच.